खरवड द्यायला नाही म्हणू नका

जांघेतल्या खाजेबद्दल आपल्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. गुडघा दुखला तर लग्नाच्या पंगतीतही त्यावर चर्चा होते, पण गजकर्ण झालं की माणूस दार लावून घेतो. बायका तर परकराच्या नाडीखालचा चट्टा सहा-सहा महिने नवऱ्यालाही दाखवत नाहीत. मग कुणीतरी हळूच एक नाव सांगतं, मेडिकलमधून एक ट्यूब येते, चार दिवसांत खाज थांबते आणि ती ट्यूब न्हाणीघराच्या फळीवर सगळ्या घरासाठी राहते.

मी पंचवीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. बुरशी हा माझा विषय. तरीही अशी ट्यूब माझ्याच माहेरच्या घरात आली आणि मला चार महिने पत्ता नव्हता. पावसाळ्यात भावजयीच्या कमरेवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, तिनंही काही विचारलं नाही. चट्टा फिकट झाला, तिनं ट्यूब थांबवली, पंधरा दिवसांत तो ताटलीएवढा होऊन परत आला. दिवाळीपर्यंत भावाच्या जांघेत, पुतण्याच्या पाठीवर तेच. संक्रांतीला मी गेले तेव्हा पुतण्या सारखा दाराच्या चौकटीला पाठ घासत होता, म्हणून मी विचारलं. ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली: एक बुरशीचं औषध, एक जिवाणूंचं आणि तिसरं क्लोबेटॅसॉल.

क्लोबेटॅसॉल हे स्टेरॉइड आहे, आणि साधंसुधं नाही, मलमांत मिळणाऱ्या अतिशय जहाल स्टेरॉइडांपैकी एक. काही आजारांत ते हवंच असतं, तज्ज्ञ मोजून देतात. गजकर्णावर मात्र ते विष आहे. कातडी लाल होते, खाजते, ते आपलं शरीर बुरशीशी लढत असतं म्हणून. स्टेरॉइड ती लढाई थांबवतं. लाली जाते, खाज जाते, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची ओळखीची लाल, खवल्यांची कडाही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही एका नजरेत निदान करता येत नाही. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याला बंदी घातली. नियम कागदावर आहे, ट्यूब फळीवर आहे.

इथवरचं त्वचारोगतज्ज्ञ कंठशोष करून सांगतच असतात. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. गेल्या काही वर्षांत गजकर्ण बदललं आहे. पूर्वी टर्बिनाफिन नावाचं औषध काही आठवडे घेतलं की ते हमखास जायचं. आता अनेकांचं जात नाही. 2018 मध्ये दिल्लीतल्या अनुराधा चौधरी यांच्या गटानं रुग्णांच्या कातडीवरची बुरशी तपासली, तेव्हा त्यातले जवळपास एक-तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून मिळालेल्या या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्या नावात आपल्या देशाचं नाव आहे. ते मला टोचतं. अनेक भारतीय डॉक्टरांनाही टोचलं. पण बुरशीला पासपोर्ट लागत नाही. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेनं आपले पहिले दोन रुग्ण जाहीर केले, दोघी न्यूयॉर्क शहरातल्या स्त्रिया. त्यांतल्या एकीनं अलीकडे परदेशप्रवास केलाच नव्हता. तुमची लेक न्यू जर्सीत असेल आणि तिथल्या डॉक्टरला तिचा चट्टा ओळखता येत नसेल, तर तिला हे नाव सांगून ठेवा.

आता हे औषध हरतं कसं, ते समजून घेऊ. थोडं खोलात जावं लागेल, पण यातलं काहीही तुमच्या समजुतीपलीकडचं नाही.

बुरशीच्या पेशीला एक पातळ आवरण असतं आणि त्याला घट्टपणा देतो अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. एवढ्या एका फरकावर बुरशीविरुद्धची बरीचशी औषधं उभी आहेत. बुरशी ही वनस्पतीपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तिच्या आणि आपल्या पेशींची घडण इतकी सारखी की तिला मारेल आणि आपल्याला इजा करणार नाही अशी जागा शोधणं फार कठीण. म्हणून जिवाणूंविरुद्ध औषधांचे कितीतरी प्रकार आहेत आणि बुरशीविरुद्ध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक गेला की मागे फारसं काही उरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

अर्गोस्टेरॉल तयार करण्याच्या कामात बुरशीचं एक विकर लागतं, स्क्वालिन इपॉक्सिडेज. टर्बिनाफिन त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतं आणि काम अडवतं. अरुंद माजघरात कुणी नेमका चुलीच्या तोंडाशी पाट मांडून बसावा, तसं. आता बुरशीच्या जनुकात एक अक्षर बदललं, तर त्या विकराच्या साखळीतला 397 वा मणी बदलतो, फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसिन येतं. पाट कलतो. बसणारा घसरून पडतो. चूल मात्र पेटलेलीच राहते. एका अक्षराचा बदल, आणि तुमच्या महिनाभराच्या गोळ्या वाया.

पण हे त्या अक्षरामुळेच झालं, हे ठरवायचं कसं? हट्टी बुरशीत ते अक्षर बदललेलं दिसलं, एवढ्यानं भागत नाही. तिच्या जनुकसंचात आणखी शेकडो ठिकाणी बदल असतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं तोडली असं होत नाही. विज्ञानात सगळ्यात अवघड काम हेच: कावळ्याला उचलून दुसऱ्या, धडधाकट फांदीवर बसवायचं आणि ती तुटते का ते बघायचं.

2017 मध्ये जपान आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हेच केलं. रुग्णांकडून आलेल्या सुमारे दोन हजार नमुन्यांतून त्यांना जेमतेम 1 टक्का हट्टी सापडले. त्यांतलं बदललेलं जनुक त्यांनी औषधानं मरणाऱ्या एका बुरशीत घातलं. ती मरेनाशी झाली. फांदी तुटली. दोष कुणाचा याबद्दल शंका उरली नाही, आणि आज एखाद्या रुग्णाच्या नमुन्यात तो बदल दिसला की डॉक्टरला गोळी सुरू करण्याआधीच कळू शकतं की हे औषध इथे चालणार नाही.

असे बदल नेमकेपणानं करण्याचं हत्यार म्हणजे क्रिस्पर. 2012 मध्ये इमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी ते दाखवून दिलं, 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मूळ हत्यार जिवाणूंचं. विषाणूंनी हल्ला केला की त्यांचा डीएनए कापून काढायला जिवाणू ते वापरतात. कॅस-9 नावाचं प्रथिन ही कात्री, आणि तिच्यासोबत साधारण वीस अक्षरांची एक वाटाडी आरएनए, जी जनुकसंचाच्या लाखो-कोटी अक्षरांतून नेमकी जागा शोधून देते. कात्री तिथे कापते. पेशी तो काप सांधायला धावते. त्याच वेळी आपल्याला हवं तसं लिहिलेला डीएनएचा तुकडा तिच्यासमोर ठेवला, तर ती त्याबरहुकूम दुरुस्ती करते.

ऐकायला सोपं, बुरशीत करायला मात्र महाकठीण. त्या पातळ आवरणाबाहेरची तिची भिंत जाड. ती विकरांनी विरघळवून पेशी उघडी पाडावी लागते. शिवाय गजकर्णाच्या बुरशीला काप सांधताना समोरचा नमुना वाचण्यापेक्षा तुटलेली टोकं कशीतरी जोडून टाकण्याची खोड. जपानमध्ये ती खोडच मोडलेले वाण तयार केले गेले, तेव्हा काम पुढे सरकलं. कॅन्डिडा या दुसऱ्या रोगकारक बुरशीची तऱ्हा आणखी निराळी. इतर जवळपास सगळी सजीवसृष्टी डीएनएतल्या 'सीटीजी' या तीन अक्षरांचा अर्थ ल्युसिन असा लावते, कॅन्डिडाच्या काही जाती तो सेरिन असा लावतात. एकाच शब्दाचा कोकणात एक अर्थ आणि वऱ्हाडात दुसरा असावा, तसं. त्यामुळे कात्रीचं जनुकच कॅन्डिडाच्या बोलीत नव्यानं लिहावं लागलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या व्हाइटहेड संस्थेत जेराल्ड फिंक यांच्या प्रयोगशाळेनं ते करून दाखवलं. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. पूर्वी एक बदलायची, मग दुसरी, यात महिने जायचे. आता दोन्ही एका फटक्यात बदलता येऊ लागल्या.

याचा फायदा कुठे दिसतो ते कॅन्डिडा ऑरिसच्या उदाहरणानं सांगते. ही बुरशी 2009 मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडली, ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. काही वर्षांतच ती आपल्या अतिदक्षता विभागांत पोचली आणि रक्तात शिरू लागली. फ्लुकोनॅझोल हे नेहमीचं औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. सगळ्यांचा संशय एका ओळखीच्या जनुकावर होता, औषध ज्या विकराला पकडतं त्याच्या. संशोधकांनी क्रिस्परनं दुसरंच एक जनुक तपासलं. ते पेशीतल्या पंपांचं बटण आहे. पंप आत आलेलं औषध उपसून बाहेर टाकतात. साध्या बुरशीत त्या बटणाचा बदल घातला, ती हट्टी झाली. हट्टी बुरशीतला बदल दुरुस्त केला, तिचा हट्ट बराचसा ओसरला. कावळा बसवूनही पाहिला आणि उठवूनही पाहिला. आता नवं औषध शोधणाऱ्याला ठाऊक आहे की खाच बदलून भागणार नाही, पंपाचाही बंदोबस्त करावा लागेल.

इथे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात भीती उभी राहिली असेल, आणि ती रास्त आहे. ही माणसं प्रयोगशाळेत मुद्दाम हट्टी बुरशी तयार करतात? हो, करतात. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते घालतात तो बदल रुग्णांच्या अंगावर आधीच फिरत असतो, तिथूनच तो उचललेला असतो. काम बंदिस्त प्रयोगशाळेत, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली चालतं. भारतात त्यासाठी 1989 पासून नियम आहेत. त्या नियमांची अंमलबजावणी कडक असावी असा आग्रह नागरिक म्हणून जरूर धरा. मीही धरते. मात्र धोका मोजायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. बंद पेटीत एक-दोन हट्टी वाण तयार होतात. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून, फळीवरच्या ट्यूबमधून, कोट्यवधी माणसांच्या कातडीवर रोज किती तयार होत असतील? तो प्रयोग आपण सगळे मिळून करतो आहोत, आणि त्यावर कुठलीच समिती नाही.

आणखी एक गैरसमज. क्रिस्पर म्हटलं की लोकांना माणसाच्या जनुकांशी खेळ आठवतो. या कामात तुमच्या जनुकांना कुणी हात लावत नाही. बदलतं ते बुरशीचं जनुक, तुमच्यापासून दूर, काचेच्या ताटलीत.

शेतकरी बंधू-भगिनींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, विशेषतः द्राक्षवाल्यांना. भुरी या बुरशीच्या रोगावर तुम्ही हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल फवारता. नावाच्या शेवटाकडे बघा. फुप्फुसात वाढणाऱ्या अॅस्परजिलस बुरशीवर रुग्णालयात दिलं जाणारं व्होरिकोनॅझोल त्यांचंच भावंड आहे. अॅस्परजिलस पालापाचोळ्यात, मातीत, कंपोस्टात वाढतो. तिथे फवारणीची सवय झालेला वाण हवेतून फुप्फुसात गेला, तर डॉक्टरच्या औषधालाही तो आधीच सरावलेला असतो. नेदरलँड्समध्ये हे दिसलं, आपल्याकडच्या मातीतही असे वाण सापडले आहेत. बाग सोडा असं मी म्हणत नाही, भुरी काय करते ते मला माहीत आहे. पण शिफारशीपेक्षा एकही फवारणी जास्त नको, आणि एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा नको. नवी औषधं येत आहेत, तिथेही हीच गाठ आहे. ओलोरोफिम हे अॅस्परजिलसवरचं नवं औषध ज्या विकराला धरतं, त्याच विकराला धरणारं पिकांचं बुरशीनाशकही तयार झालं आहे. रुग्णालयात पोचण्याआधीच ते औषध शेतात बोथट होऊ नये, हे धोरण ठरवणाऱ्यांना आपणच विचारायला हवं.

पुन्हा घराकडे वळते. तुमच्या घरात ती ट्यूब असेल तर आज काढून बघा. 'क्लोबेटॅसॉल', 'बीटामेथासोन', 'मोमेटासोन' यांपैकी काही लिहिलेलं असेल आणि ती कुणी डॉक्टरनं तुम्हाला तपासून दिलेली नसेल, तर तिचा वापर थांबवायचा. फार दिवस लावत असाल तर थांबवल्यावर त्रास उसळू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून थांबवा. जाताना सगळ्या ट्यूब, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लाजू नका, डॉक्टरांनी याहून जास्त पाहिलेलं असतं. घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारा, सगळ्यांवर एकदम उपचार झाले नाहीत तर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. टॉवेल, पंचा, आतले कपडे वेगळे. कपडे उलटे करून कडक उन्हात, पावसाळ्यात इस्त्री करून. आणि कमरेचा करदोडा. देवाचा म्हणून, नजर लागू नये म्हणून वर्षानुवर्षं न काढलेला तो ओला दोरा बुरशीचं घर असतो. उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवा. कुठलाही देव यासाठी रागावणार नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. दिसेनासा होणं आणि मरणं वेगळं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्यानं खरवडून घेऊ म्हणाले, तर नाही म्हणू नका. ते म्हणाले नाहीत, तर तुम्ही विचारा: खरवड तपासायची का? दुखत नाही. ती मेलेली कातडी असते, आंघोळीत घासली तर गटारात जाणारी. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसतात. तीच बुरशी वाढवली, की कुठल्या औषधानं मरते ते कळतं. आणि एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनासाठी नमुना मागितला, संमतीपत्र पुढे केलं, तर ते नीट वाचा, तुमचं नाव नमुन्यासोबत जाणार नाही ना ते विचारा, आणि सही करा.

कारण क्रिस्परची कात्री कितीही धारदार असली तरी कुठे कापायचं ते तिला ठाऊक नसतं. कुठलं अक्षर बदललंय ते रुग्णाच्या कातडीवरच्या बुरशीतूनच समजतं. न्यूयॉर्कच्या, लोझानच्या, टोकियोच्या प्रयोगशाळा त्यांच्या रुग्णांच्या बुरशीवर काम करतील. सोलापूरच्या, परभणीच्या, रत्नागिरीच्या जांघेतली बुरशी काय शिकली आहे, ते तिथल्या माणसांनी दिल्याशिवाय कुणाला कळणार? आपल्या देशात रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह चंडीगडला आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे. जागा आहेत, शिकलेली माणसं आहेत. बहुतेक नमुने मात्र न्हाणीघराच्या मोरीतून वाहून जातात.

माझ्या पुतण्याची खरवड फेब्रुवारीत घेतली गेली. त्याच्या बुरशीवर टर्बिनाफिन चालत नव्हतं. डॉक्टरनी औषध बदललं, घरातल्या चौघांनी एकत्र कोर्स केला, साडेतीन महिने लागले. भावजय म्हणाली, "ताई, आधी का नाही कुणी सांगितलं?" तुम्हाला मी आज सांगते आहे. ट्यूब फळीवरून काढा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि खरवड द्या.